कागद, काच, पत्रा

घंटागाडी आली की ओला-सुका वेगळा करा, असं कर्ण्यावरून बजावलं जातं. ऐकताना वाटतं, ही वर्गवारी काल-परवा कुठल्या तरी सरकारी परिपत्रकातून घरात शिरली असावी. माग काढत गेलं, तर ती आधी परसदारी सापडते.

खेड्यातल्या घरात उष्टं-खरकटं गुरांपुढे जाई, चुलीतली राख भांडी घासायला आणि शेण, पालापाचोळा, केर उकिरड्यावर. पावसाळ्याच्या तोंडावर उकिरडा उपसून खत शेतात पडे. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असं म्हण सांगते. प्रत्यक्षात त्याचा पांग दरसाल फिटत होता.

शहरात परसदार गेलं, पण निवड राहिली. वर्तमानपत्रं सुतळीनं बांधून माळ्यावर चढत आणि रद्दीवाल्याच्या तराजूची वाट पाहत. ‘रद्द’ झालेला तो कागद वाण्याच्या दुकानातून पुडी होऊन पुन्हा घरी येई. जुन्या साड्या बोहारणीच्या हवाली होत. दारात घासाघीस रंगे आणि शेवटी एखादं स्टीलचं पातेलं पदरात पडे. बाटल्या, पत्र्याचे डबे भंगारवाल्याकडे. याला कुणी पर्यावरण म्हणत नसे. प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक होतं, म्हणून ती आपोआप वेगळी राही.

सरकारी हुकमातल्या वेगळ्या डब्यांची कुळी मात्र पॅरिसची. तिथला प्रशासक यूजीन पूबेल यानं 1883 मध्ये घरमालकांना झाकणाचे डबे ठेवायला लावले आणि कचऱ्याचे तीन भाग ठरवून दिले: कुजणारं एकीकडे, कागद आणि चिंध्या दुसरीकडे, फुटकी भांडी, काच आणि कालवांचे शिंपले तिसरीकडे. चिंध्या वेचून पोट भरणारे खवळले, कारण त्यांच्या धंद्याचा विचार कुणी केलाच नव्हता. वर्गवारी रुजली नाही. साहेबांचं आडनाव तेवढं फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला कायमचं चिकटलं.

आपल्याकडे घडी मोडली ती गिऱ्हाईक नसलेल्या वस्तू घरात आल्यावर. शांपूची पुडी, वेफर्सचं पाकीट: प्लास्टिक आणि धातूचे पापुद्रे एकमेकांना असे चिकटवलेले, की ते सोडवणं परवडतच नाही. त्यात कॅरीबॅग आली. भाजीची देठं, औषधाची बाटली, कालचं वरण, आजचा पेपर, सगळ्याला एकच गाठ. निवड काही थांबली नाही. ती ओट्यावरून कचराकुंडीपाशी गेली. तिथं पाठीवर पोतं घेतलेल्या बाया वाकून आपल्या गाठी सोडत होत्या.

पुण्यात याच बायांना घेऊन 1993 मध्ये संघटना उभी राहिली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून सुरुवात झाली आणि हमालांची संघटना बांधलेले बाबा आढाव पाठीशी राहिले. नाव ठेवलं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. जे वेचायचं, तेच नावात. कुंडीत हात घालण्यापेक्षा दारातूनच वेगळा माल मिळावा, ही त्यांची मागणी होती. तिकडे अल्मित्रा पटेल यांच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या प्रकरणातून 2000 चे घनकचरा नियम आले. पुण्यात वेचकांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घराघरावर बंधनकारक केले.

दारातून गेलेल्या मालाची पुढे आणखी बारीक निवड होते. वेचकाकडून भंगारवाला, तिथून मोठा व्यापारी, मग कारखाना. पाण्याची एक बाटली घ्या: तिचे तुकडे पाण्यात टाकले, तर बाटलीचं प्लास्टिक बुडतं आणि टोपणाचं तरंगतं. दोन्ही वेगवेगळ्या तापमानाला वितळतात, म्हणून एकत्र ओतून चालत नाही. काच आणि पत्रा पुनःपुन्हा वितळवता येतात. कागदाचा तंतू मात्र दर खेपेला आखूड होतो. त्याला वरणाचं तेल लागलं, की लगद्यातही डाग सुटत नाही. भिजलेली रद्दी कुणी तराजूत घेत नाही. आणि प्लास्टिकच्या गाठीत कोंडलेलं ओलं, हवेविना कुजून मिथेन सोडतं. कचरा डेपो पेटतात ते त्यामुळेही. पुण्याचा कचरा जिथं टाकला जाई, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी विहिरी नासल्या म्हणून पुण्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा शहराला आपल्या गाठींचा पत्ता कळला.

या वंशावळीतलं सर्वांत धाकटं पान म्हणजे लाल ठिपका. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, असं ‘स्वच्छ’च्या वेचक सांगू लागल्या. माळ्यावरच्या रद्दीपासून आतापर्यंत वस्तू वेगळी राहिली, ती तिला भाव होता म्हणून. या पुडक्याला भंगारात भाव नाही, गिऱ्हाईक नाही. ते उघडायचं नाही, एवढंच तो ठिपका पुढच्या हाताला सांगतो.