'लीड ऑन' म्हणजे नेमकं काय? 'शी लेड मी ऑन' लिहिण्याआधी हे वाचा

ब्रेकअपच्या पोस्टखाली किंवा चॅटच्या स्क्रीनशॉटवर 'शी लेड मी ऑन', 'ही लेड मी ऑन' अशी वाक्यं हमखास दिसतात. 'लीड' म्हणजे नेतृत्व करणं, वाट दाखवणं, हे आपण शाळेत शिकतो. मग इथे नेतृत्वाचा काय संबंध?

'लीड समवन ऑन' म्हणजे एखाद्याला खोट्या आशेवर ठेवणं. मनात नसताना 'आपल्यात काहीतरी आहे' असं समोरच्याला वाटू देणं. मराठीत यासाठी 'झुलवत ठेवणं' किंवा 'आशेला लावणं' चपखल बसतं. 'नादी लावणं' जवळचं वाटतं, पण त्यात वाईट वळणाला नेण्याची छटा येते. प्रेमातच नाही, नोकरीतही हा प्रयोग चालतो. तीन मुलाखती घेऊन 'तुमचं जवळपास पक्कं आहे' म्हणणारी कंपनी शेवटी दुसऱ्यालाच घेते, तेव्हा उमेदवार म्हणू शकतो, 'दे लेड मी ऑन.'

वापरताना व्यक्ती मध्ये येते: 'लीड मी ऑन', 'लीड हिम ऑन'. या अर्थाने 'लीड ऑन मी' चुकीचं. भूतकाळी रूप 'लेड', त्याचं स्पेलिंग एल-ई-डी. इथे भलेभले फसतात, कारण शिसं या धातूचा उच्चारही 'लेड'च, पण त्याच्या स्पेलिंगमध्ये 'ए' असतो. त्यामुळे 'लेड मी ऑन' लिहिताना तो 'ए' हटकून घुसतो.

मध्ये कुणीच नसेल तर अर्थ साधा: 'लीड ऑन', म्हणजे तुम्ही पुढे चला, आम्ही मागून येतो. 'घोस्टिंग'शीही गल्लत नको. त्यात माणूस न सांगता गायब होतो, इथे तो गायब न होता आशा जिवंत ठेवतो.

आता खरा वादाचा मुद्दा. यात फसवण्याचा हेतू असायलाच हवा का? बहुतेकदा तो गृहीत धरला जातो, पण 'आय डिडन्ट मीन टू लीड यू ऑन' हे वाक्यही इंग्रजीत सर्रास वापरलं जातं. म्हणजे नकळतही असं घडू शकतं. मात्र कुणी हसून बोललं, रात्री उशिरा मेसेजला उत्तर दिलं किंवा स्टोरीला हार्ट पाठवलं, एवढ्यावरून 'लेड मी ऑन' म्हणणं म्हणजे आपल्या अंदाजाचं खापर दुसऱ्याच्या माथी फोडणं. नावासकट स्क्रीनशॉट टाकून असं लिहिलं, तर वाचणाऱ्यांना तो सरळ फसवणुकीचा आरोप वाटतो.