श्रमिकांचा कुलवृत्तांत, सोलापुरातील
श्रमिकांचा कुलवृत्तांत : कामकरी कुटुंबांच्या पूर्वजांचा लेखी व मौखिक नोंदींवरून लावलेला शोध. वतनदार व विद्वान घराण्यांची दप्तरे त्यांच्या घरी टिकली आणि त्यांच्या आधारे विसाव्या शतकात अनेक कुलवृत्तांत छापले गेले. श्रमिकांच्या घरी दप्तर नसे; त्यांच्या नोंदी इतरांनी आपापल्या प्रयोजनासाठी केल्या. इंग्लंडमध्ये १५३८ पासूनच्या चर्चच्या नोंदवह्या, १८३७ पासूनची नागरी नोंदणी व १८४१ पासूनचे जनगणनेचे नामवार तक्ते यांमुळे मजुरांचीही वंशावळ लावता येते. भारतात जनगणना १८७२ पासून होत असली, तरी असे नामवार तक्ते संशोधकास सहसा उपलब्ध नसतात.

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये, म्हणजे १८७६–७८ च्या दुष्काळाच्या काळात स्थापन झाली. गिरण्यांत व हातमागांवर कामासाठी आसपासचे जिल्हे, कर्नाटक व निजामी मुलूख येथून लोक आले. तेलंगणातील पद्मशाली विणकर हे त्यांपैकी प्रमुख होत. त्यामुळे एकाच कुटुंबाचे कागद मोडी, बाळबोध, कन्नड, तेलुगू वा उर्दू लिपीत आढळणे शक्य असते.

शोध हयात वडीलधाऱ्यांपासून सुरू करून मागे नेतात. शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीत जात, जन्मतारीख व पालकाचे नाव मिळते. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदी व गिरणीचे हजेरीपट यांवरून वस्ती आणि काम कळते. तथापि गिरण्या बंद पडल्यावर अनेक हजेरीपट विखुरले. मूळ गावी जन्म-मृत्यूची नोंदवही (गाव नमुना क्र. १४, ‘कोतवाल बुक’) व जमिनीचे कागद उपयोगी पडतात. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी सांगतात. पंढरपूरसारख्या क्षेत्री तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे आढळतात.

या नोंदी चिकित्सेने वाचाव्या लागतात. जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसते, वय अदमासाने लिहिलेले असते व जातीचे नाव लेखनिकागणिक बदलते. विवाहानंतर नाव बदलल्याने स्त्रियांचा माग लवकर तुटतो. म्हणून एका नोंदीस दुसऱ्या स्वतंत्र नोंदीचा आधार शोधणे आवश्यक ठरते.

गुन्हेगार जमातींच्या कायद्यान्वये सोलापुरात वसवलेल्या वसाहतीतील (‘सेटलमेंट’) कुटुंबांचा प्रश्न निराळा आहे. तेथील अनेकजण गिरण्यांत काम करीत. १९११ च्या कायद्याने नोंदवलेल्यांची हजेरी व बोटांचे ठसे घेण्याची तरतूद केली होती. हा कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. ज्या नोंदींनी या लोकांना जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्याच आज त्यांच्या वंशजांना पूर्वजांचा ठाव देऊ शकतात.

हा शोध केवळ जिज्ञासेचा विषय नाही. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर व विशेष मागास प्रवर्गांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. पोटासाठी गाव सोडलेल्या कुटुंबाला असा कागद मिळविणे अवघड जाते. त्यामुळे शाळा, नगरपालिका व तलाठी कार्यालये यांतील जीर्ण नोंदवह्यांचे जतन हे इतिहासाइतकेच सामाजिक न्यायाचेही कार्य ठरते.