‘म’चा ‘भ’

शिरोरेषा तुटली की ‘म’चा ‘भ’ होतो. मला हे एका निधनवार्तेनं शिकवलं.

१९६८ साली मी पुण्यातल्या एका दैनिकात कंपोझिंगला लागलो. तिसऱ्याच महिन्यात मी जुळवलेल्या चार ओळींतले कैलासवासी माटे सकाळच्या अंकात भाटे झाले. जुळणी बरोबर होती, प्रूफही बरोबर होतं. पण जुळलेल्या पानाचा फर्मा ठोकून बसवताना ‘म’च्या डाव्या कोपऱ्यातल्या रेघेचा टवका उडाला आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दहाच्या सुमारास त्याच पेठेतले, त्याच नावाचे एक भाटे काठी टेकत छापखान्यात आले. “सकाळपासून तिघंजण भेटून गेले. चहासुद्धा मीच केला,” एवढंच म्हणाले आणि बाकावर बसले.

फोरमननं मला ओरडायच्या आधी ‘म’चा तो खिळा, म्हणजे शिशात ओतलेलं अक्षर, शोधून काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि वर भिंग धरलं. “अक्षर मधे चांगलंय,” तो म्हणाला. “मेलंय ते कडेला.”

पुढची वीस वर्षं मी अक्षरांच्या कडाच बघत आलो. आमच्या केसमधल्या, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतल्या, अक्षरांचं वळण निर्णयसागरी होतं. ते वळण ज्यांच्या कारखान्यात घडलं त्या जावजी दादाजींची हकिकत नंतर वाचनात आली, तेव्हा फोरमनचं ते वाक्य मला नव्यानं कळलं.

जावजींचा जन्म १८३९चा, मुंबईचा. घरी गरिबी. शाळेत जायच्या वयात ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले, महिना दोन रुपयांवर. काम होतं टाईप घासण्याचं. साच्यातून निघालेल्या खिळ्याला कडेनं धातूची कूस राहते, ती घासून काढायची. कारखान्यातलं हे सगळ्यात हलकं काम, पोरासोरांचं.

इंग्रजी खिळ्याला ती कूस थोडी राहिली तरी फारसं बिघडत नाही, कारण दोन अक्षरांत फट असतेच. आपल्याकडे तसं चालत नाही. शिरोरेषा खिळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते आणि शेजारच्या खिळ्याच्या रेघेला जाऊन चिकटते. मधे केसाएवढी कूस राहिली की ओळीला फट पडते, शब्द भेगाळलेल्या भिंतीसारखा दिसतो. कूस काढताना हात जड झाला तर रेघेचं टोकच जातं. मराठी अक्षर देखणं आहे की नाही ते नंतर. आधी ते शेजाऱ्याला नीट भिडलं पाहिजे. मला वाटतं, दोन रुपयांच्या नोकरीत जावजी हेच शिकले असणार.

त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम होते. मराठी आणि गुजराती टाईप सुधारण्यासाठी त्यांनी पुष्कळ कष्ट घेतले होते. मुंबईत मराठी छपाईला सुरुवात होऊन फार दिवस झाले नव्हते. गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं ते १८३१ साली, तेही शिळेवर. खिळ्यांची मराठी छपाई अजून चाचपडत होती. जावजींनी धंदा खालून वर शिकून १८६४मध्ये स्वतःची टाईप फाउंड्री काढली आणि १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना. १८९२मध्ये ते गेले, तोवर मुंबईतल्या कोलभाट लेनमधल्या या छापखान्यातून निघालेली संस्कृत आणि मराठी पुस्तकं देशभर जात होती.

निर्णयसागरच्या अक्षरांमागचा हात पंच कोरणाऱ्या राणू रावजी आरू यांचा. त्यांचं काम किती बारीक ते सांगायचं तर आधी पंच म्हणजे काय ते सांगावं लागेल. पोलादाच्या बोटभर कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. आतली पोकळी ठोकून काढायची, बाहेरची वळणं कानशीनं आणायची. मधून मधून ते टोक दिव्याच्या ज्योतीवर धरायचं, काजळी धरली की कागदावर दाबायचं आणि उमटलेलं अक्षर बघायचं. पटलं नाही तर पुन्हा कानस. पोलादावर खोडरबर चालत नाही. जास्त गेलं ते गेलं. मग कांडी कडक करायची, तांब्याच्या तुकड्यावर ठोकायची, आणि त्या साच्यात शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतायचा. इतकं करून हाती येतो एक खिळा, ०.९१८ इंच उंच. त्यानंतर पुढच्या अक्षराची कांडी.

आपल्या लिपीत ही अक्षरं शेकड्यांनी. वर मात्रा, वेलांटी, रफार. खाली उकार, ऋकार. मधे जोडाक्षरांची पलटण. आमच्या केसेस समोर, डावीकडे, उजवीकडे पसरलेल्या असायच्या आणि नवा मुलगा पहिला महिनाभर घरं शोधतच फिरायचा. मासिकाला हे परवडायचं. रात्री साडेबाराला तार आली की वर्तमानपत्राला परवडायचं नाही. टिळकांना हे पक्कं ठाऊक होतं. ‘केसरी’साठी त्यांनी जोडाक्षरांची छाटणी हाती घेतली आणि तो संच १९० खिळ्यांवर आला. पुढे सावरकरांनी ‘अ’चीच बाराखडी चालवली: अि, अी, अु, अू. भाषाशुद्धीच्या वादात लोकांना तिची आठवण येते. आम्हा कंपोझिटरांच्या हिशेबी त्यातून केसमधली काही घरं रिकामी होत होती.

मग जुळणीची यंत्रं आली. लायनोटाईपच्या कीबोर्डला कळा ९० आणि आपली अक्षरं त्याच्या कितीतरी पट. हरी गोविंद गोविल यांनी १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बसून देवनागरीला त्या ९० कळांच्या घरात बसवलं. त्यासाठी अक्षरांची मोडतोड करावी लागली. कुणी नाकं मुरडली, पण पहाटेची गाडी गाठायची असेल तर नाक मुरडून भागत नाही.

वर्तमानपत्राच्या टाईपची खरी परीक्षा कागदावर होते. न्यूजप्रिंट शाई पितं, शाई पसरते. ‘भ’ची फट बुजली की ‘म’, ‘ध’ची बुजली की ‘घ’. खिळा झिजला की त्याच्या उलट. ‘ख’ जरा सैल झाला की ‘रव’. पंच कोरणाऱ्याला हे दोन्ही शत्रू धरूनच फट किती ठेवायची ते ठरवावं लागे. पुस्तकासाठी नाजूक ठेवलेली फट पेपरात बुजते, आणि पेपरासाठी रुंद ठेवली तर पुस्तकात अक्षर खुळं दिसतं.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे ऑफसेट आलं. खिळे गोणीत भरून वजनावर गेले. भंगारवाल्यानं ग्रेट आणि पायका या दोन मापांचे खिळे एकाच तराजूत टाकले. आता पडद्यावर शिरोरेषा आपोआप जुळते आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही. माझ्या हाताच्या शिशाच्या काळ्या रेषा निघायला दोन वर्षं लागली.

गोण्या जाण्याआधी मी एक ‘म’ खिशात टाकला, माट्यांचाच. फोरमननं तो तेव्हाच बाजूला काढून टेबलाच्या खणात ठेवला होता. नव्या पोरांना दाखवायला. भिंगातून बघितलं तर वळण अजून तसंच सुरेख आहे. डाव्या कडेवरून बोट फिरवलं की तो टवका लागतो आणि बाकावर बसलेले भाटे आठवतात. त्या दिवशी जाताना त्यांनी दुरुस्तीचा मजकूर स्वतःच लिहून दिला होता. त्यात ‘म’ दोनदा आला होता. मी दोन्ही खिळे भिंगाखाली धरून मगच जुळणीच्या स्टिकमध्ये घातले.