नैराश्याच्या जनुकाची सोळा वर्षे

एकाच घरात वाढलेली दोन भावंडे. घरावर संकट येते तेव्हा एक सावरते, दुसरे महिनोन्महिने खचून राहते. हा फरक कशामुळे पडतो? या प्रश्नाचे उत्तर एका जनुकात सापडले, असे काही वर्षे अनेकांना वाटत होते.

मेंदूतील दोन चेतापेशींमधल्या फटीत सिरोटोनिन हे रसायन सोडले जाते आणि निरोप पोचला की ते पुन्हा पेशीत ओढून घेतले जाते. हे ओढून घेण्याचे काम एक वाहक प्रथिन करते. त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. नैराश्यावरची फ्लुऑक्सेटीनसारखी औषधे नेमकी याच प्रथिनाला अडवतात, म्हणून संशोधकांची नजर तिकडे वळणे स्वाभाविकच होते. १९९६ मध्ये क्लाउस-पीटर लेश व सहकाऱ्यांनी दाखवले की, या जनुकाच्या नियंत्रक भागाचे लांब आणि आखूड असे दोन प्रकार आढळतात. आखूड प्रकार असलेल्यांत हे प्रथिन कमी बनते आणि त्यांचा स्वभाव किंचित अधिक चिंताळू असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पुढची पायरी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरातली. तेथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांची लहानपणापासून नियमित तपासणी चालू होती. अवशालोम कॅस्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी त्यांपैकी ८४७ जणांचे जनुक तपासले आणि वयाच्या २१ ते २६ या काळात त्यांच्यावर किती आघात झाले तेही मोजले. चार किंवा अधिक आघात सोसलेल्यांपैकी, आखूड प्रकार असलेल्या ३३ टक्के व्यक्तींना नैराश्य आले. दोन्ही प्रती लांब असलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. २००३ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. ‘आनुवंशिकता की परिस्थिती’ हा जुना वाद त्याने सुंदर रीतीने मिटवल्यासारखा वाटला.

येथे वर्गात फळ्यावर करून पाहावा असा एक हिशेब आहे. चार किंवा अधिक आघात सोसलेले होते १५ टक्के, म्हणजे सुमारे १२७ जण. दोन्ही प्रती लांब असलेल्यांचे प्रमाण ३१ टक्के. म्हणजे ते १७ टक्के काढले गेले चाळिसेक माणसांवरून! त्यांतले तीन-चार जण इकडचे तिकडे झाले असते, तर चित्र बरेच बदलले असते.

२००९ मध्ये नील रिश आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांतील १४,२५० व्यक्तींची माहिती एकत्र केली. जनुकाचा परिणाम दिसला नाही. २०११ मध्ये ५४ अभ्यासांच्या आढाव्याने कॅस्पींच्या बाजूने कौल दिला, आणि वाद पेटता राहिला. अखेर २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर हे जनुक आणि असेच गाजलेले आणखी सतरा तपासले गेले. योगायोगाने निवडलेल्या जनुकांपेक्षा त्यांचा नैराश्याशी अधिक संबंध आढळला नाही. त्याच वर्षी आठ लाखांहून अधिक लोकांच्या दुसऱ्या एका अभ्यासात नैराश्याशी निगडित १०२ जनुकीय बदल मिळाले. प्रत्येकाचा वाटा मात्र अगदी नगण्य.

रिश यांच्या त्या चौदा अभ्यासांत एक गोष्ट मात्र ठळकपणे दिसली होती. जनुक लांब असो वा आखूड, आयुष्यातले आघात वाढले की नैराश्याची शक्यता वाढत होती.