फलकावरचं नाव आणि ओठांवरचं नाव

स्मरणिका समितीने शाळेच्या फुटबॉलवर लिहायचं काम माझ्याकडे दिलं, कारण १९८५-८६ च्या संघाचा मी कप्तान होतो. कार्यालयाबाहेरच्या फलकावर माझं नाव अजून आहे. पण मेळाव्याच्या पहिल्या बैठकीत कप्तानाची आठवण कुणी काढली नाही. जो तो एकच विचारत होता, "अरे, आपला तो गोलकीपर कुठं असतो?"

खोटं कशाला बोलू, जरा लागलंच. मग मनात आलं, खेळाडू लोकांच्या ध्यानात राहतो तो नेमका कशामुळे?

कोल्हापूरकराला हे समजायला अवघड नाही. आपल्याकडे फुटबॉलचा संघ म्हणजे तालीम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं घेतली की पेठ डोळ्यांसमोर येते. शाहू स्टेडियमवर पोरगं उतरतं तेव्हा त्याच्यामागे सगळी गल्ली उतरलेली असते. पुढे बँकेच्या नोकरीत माझी कोलकात्याला बदली झाली आणि हीच गोष्ट तिथे कितीतरी मोठी होऊन भेटली.

तिथले दोन जुने क्लब आपण ऐकून आहोत. मोहन बागानने २९ जुलै १९११ रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवलं. गोऱ्यांच्या बुटांसमोर आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. ईस्ट बंगाल १९२० चा. फाळणीनंतर पूर्व बंगालातून घरदार सोडून आलेल्यांना तो क्लब म्हणजे हरवलेलं गावच वाटलं. ईस्ट बंगाल जिंकला की घरी हिलसा, मोहन बागान जिंकला की कोळंबी, असा तिथला रिवाज.

बँकेतले सहकारी दोन नावं सारख्याच जिव्हाळ्याने घ्यायचे. पहिलं चुनी गोस्वामींचं. १९५४ ते १९६८ ते मोहन बागानकडूनच खेळले, दुसऱ्या क्लबात गेले नाहीत. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते कप्तान. क्रिकेटमध्येही १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचं नेतृत्व त्यांनीच केलं. असा माणूस क्लबचा मानकरी होणारच. त्यांचा मोठेपणा कागदावर मांडून दाखवता येतो.

दुसरं नाव मजीद बिश्करचं. हा इराणचा, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकायला आलेला. १९८० साली ईस्ट बंगालचे बरेच प्रमुख खेळाडू क्लब सोडून गेले होते आणि पाठीराखे हवालदिल झाले होते. त्याच वर्षी मजीद आणि त्याचा मित्र जमशीद नासिरी संघात आले. त्या मोसमात फेडरेशन कप आणि आपल्या मुंबईचा रोव्हर्स कप ईस्ट बंगालला मिळाले, दोन्ही संयुक्तपणे. दोन मोसम खेळून मजीद मोहमेडन स्पोर्टिंगकडे गेला, पुढे खेळ उतरला आणि तो मायदेशी परतला. हिशेब मांडला तर चुनीदांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण माझे सहकारी त्याचं नाव काढताना खुर्चीवरून उठायचे.

कारण सोपं आहे. चुनीदांनी क्लबला आयुष्यातली सगळी उमेदीची वर्षं दिली. मजीद आला तो घर रिकामं झालं होतं तेव्हा. अडचणीच्या वेळी उभा राहिलेला माणूस किती दिवस राहिला, हे लोक मोजत नाहीत. तो गळ्यातला ताईत होतो.

आता आपला गोलकीपर. खरं तर तो बचावफळीत खेळायचा, तेही थोरल्या भावाच्या बुटांत कागद कोंबून. आंतरशालेय उपांत्य सामन्यात आपल्या गोलकीपरचं बोट मोडलं. हातमोजे घालायला कुणी पुढे होईना. मी कप्तान, मीही खाली बघत होतो. हा काही न बोलता गोलात जाऊन उभा राहिला. टायब्रेकरमध्ये त्याने दोन फटके अडवले. अंतिम सामना आपण ०-३ ने हरलो, पण सरांनी त्याला खांद्यावर घेतलेलं कोण विसरेल?

दहावीत तो नापास झाला आणि पुन्हा दिसला नाही. या मेळाव्याची यादी आपण उत्तीर्णांच्या निकालावरून केली. त्यात त्याचं नाव असणार कसं? ती यादी तपासून सही करणारा मीच होतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये ईस्ट बंगालने शताब्दीसाठी मजीदला बोलावून घेतलं. तीसहून अधिक वर्षांनी आलेल्या त्या माणसासाठी विमानतळावर ही गर्दी उसळली. त्यात त्याचा खेळ कधीच न पाहिलेली पोरंही होती. बापांनी सांगितलं, पोरांनी जपलं. असा खेळाडू सांगणाऱ्यांमुळेच जिवंत राहतो. पण नुसतं सांगून भागत नाही, कधीतरी त्याला शोधून बोलावणंही पाठवावं लागतं.

मित्रांनो, सर, बाई, तुमच्यापैकी कुणाला त्याचा ठावठिकाणा माहीत असेल तर मला कळवा. आमंत्रण घेऊन मी स्वतः जाईन. त्या दिवशी मी खाली बघत होतो, एवढं तरी त्याला सांगायचं राहिलं आहे.