बॅकलिंक विकत घेण्याआधी: गूगलमध्ये वर येण्याच्या धोकादायक क्लृप्त्या

व्यवसायाची वेबसाइट सुरू झाली की थोड्याच दिवसांत एक फोन हमखास येतो. "सर, तुमची साइट गूगलवर दिसतच नाही. तीन महिन्यांत पहिल्या पानावर आणून देतो. गॅरंटी!" सोबत काही हजार बॅकलिंकचे पॅकेज असते आणि भाव ऐकून वाटते, करून बघायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती पैशांपुरती नाही. क्लृप्ती एजन्सी करते, पण गूगलच्या लेखी ती तुमच्या वेबसाइटने केलेली असते.

लिंकला एवढी किंमत का?

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना जी पद्धत मांडली, तिच्यातून १९९८ मध्ये गूगल कंपनी उभी राहिली. कल्पना साधी होती. एका वेबसाइटने दुसरीला लिंक दिली म्हणजे तिने एक प्रकारे शिफारस केली. शिफारस करणारा जितका वजनदार, तितकी त्या शिफारशीला किंमत जास्त. आज गूगल क्रम ठरवताना इतरही अनेक गोष्टी पाहते, पण लिंकचे महत्त्व संपलेले नाही. आणि शिफारशीला किंमत आली की खोट्या शिफारशींचा बाजार उभा राहतोच. दुसऱ्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणाऱ्या अशा लिंकला बॅकलिंक म्हणतात.

जेसी पेनीचे काय झाले?

या बाजाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. जेसी पेनी ही तिथली जुनी आणि मोठी डिपार्टमेंट स्टोअर साखळी. २०१० च्या अखेरीस, नाताळच्या खरेदीच्या ऐन हंगामात, कपडे, चादरी, गालिचे, फर्निचर असे काहीही शोधले तरी गूगलमध्ये ही कंपनी सर्वांत वर किंवा त्याच्या आसपास दिसत होती. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तज्ज्ञाकडून तपास करून घेतला, तेव्हा दोन हजारांहून जास्त पानांवर कंपनीच्या लिंक पेरलेल्या आढळल्या. त्यांतल्या कित्येक वेबसाइटचा कपड्यांशी काडीचाही संबंध नव्हता. कुठे जुगाराची साइट, तर कुठे ओसाड पडलेले पान.

फेब्रुवारी २०११ मध्ये हे गूगलच्या कानावर घालण्यात आले आणि कारवाई झाली. सॅमसोनाइटच्या हातात न्यायच्या बॅगांसाठी संध्याकाळी सात वाजता पहिल्या क्रमांकावर असलेली ही वेबसाइट दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेली. वर्तमानपत्राने तपासलेल्या ५९ शब्दप्रयोगांसाठी १ फेब्रुवारीला तिचा सरासरी क्रमांक १.३ होता, तो १० फेब्रुवारीला ५२ झाला. या लिंकची आपल्याला कल्पना नव्हती, असे कंपनीने सांगितले आणि आपल्या एसईओ सल्लागार संस्थेला काढून टाकले. कंपनीला खरोखर ठाऊक नव्हते असे धरले, तरी शिक्षा वेबसाइटलाच झाली. ती उठायला सुमारे तीन महिने लागले.

जेसी पेनीची दुकाने गावोगावी होती, त्यामुळे ती तगली. ज्याची निम्मी गिऱ्हाईके गूगलवरून येतात, त्या छोट्या व्यावसायिकाने तीन महिने काय करायचे?

आज काय होते?

एप्रिल २०१२ मध्ये गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला आणि अशा लिंक पकडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर अल्गोरिदमकडे गेले. २०१६ पासून त्याचा भर वेबसाइटला खाली ढकलण्यापेक्षा खोट्या लिंक मोजायच्याच नाहीत यावर आहे. म्हणजे विकत घेतलेल्या लिंकचे बहुधा काहीच होत नाही. पैसे तेवढे जातात. मोजणीतून बाद झालेल्या लिंकमुळे जो फायदा मिळाला होता तो परत मिळवता येत नाही, असे गूगलने स्पष्ट सांगितले आहे. मात्र प्रकार ढळढळीत असेल तर गूगलचा माणूस स्वतः तपासून कारवाई करतो. तिला मॅन्युअल ॲक्शन म्हणतात. ती झाली की काही पाने किंवा अख्खी वेबसाइट शोधातून खाली जाते, क्वचित पूर्ण गायबही होते.

आपल्याकडे दिसणारे प्रकार

लिंकखालोखाल आपल्याकडे जास्त दिसणारा प्रकार म्हणजे गावांच्या नावांची पाने. 'हडपसरमधील सर्वोत्तम प्लंबर', 'वाकडमधील सर्वोत्तम प्लंबर' अशी शंभर पाने, मजकूर तोच, फक्त गावाचे नाव बदललेले. यांना डोअरवे पाने म्हणतात. पाहुण्याला एक पान आणि गूगलला दुसरे दाखवण्याच्या अशाच प्रकारावरून फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गूगलने काढून टाकली होती. ती काही दिवसांतच परत आली, पण बीएमडब्ल्यू शोधणाऱ्याला बीएमडब्ल्यूच हवी असते. तुमच्या प्लंबिंगच्या व्यवसायाला तो आधार नाही. एआयकडून शेकडो लेख काढून वेबसाइट भरणे हाही आता याच पंक्तीतला प्रकार आहे. केवळ क्रम मिळवण्यासाठी घाऊक मजकूर टाकण्याविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये धोरण कडक केले. मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, यावर ते अवलंबून नाही.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे लपवणे इतके जुने झाले आहे की त्याबद्दल लिहायलाही नको. आणि कोणी 'मेटा कीवर्ड' भरून देण्याचे वेगळे पैसे मागितले तर फोन ठेवा. क्रम ठरवताना आपण तो टॅग पाहत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

नकाशावरची नोंद मात्र जपा. फलकावर 'गणेश इलेक्ट्रिकल्स' असताना तिथे 'गणेश इलेक्ट्रिकल्स बेस्ट एसी रिपेअर ठाणे' असे नाव टाकणे नियमाबाहेर आहे आणि त्यामुळे नोंद निलंबित होऊ शकते. सवलत देऊन परीक्षणे लिहून घेणेही तसेच. दोन्ही ठिकाणी हे 'सगळेच करतात' असे ऐकायला मिळेल. ते खरेही आहे, पण तक्रार बहुतेकदा शेजारचा स्पर्धकच करतो.

आधीच झाले असेल तर

आधी गूगल सर्च कन्सोल उघडा. ही सोय मोफत आहे. तिथली मालकी एजन्सीच्या नव्हे, तुमच्या ईमेलवर हवी. डोमेन नावाचेही तेच. 'मॅन्युअल ॲक्शन्स' या विभागात काही नसेल तर निदान ती शिक्षा झालेली नाही. क्रम तरीही घसरला असेल तर कारण दुसरे आहे.

कारवाई दिसली तर 'लिंक्स' विभागातून यादी काढा आणि एजन्सीकडून लिंक कुठे कुठे लावल्या ते लेखी मागा. लिंक काढून घेता येतील तेवढ्या काढायला सांगा. ज्या निघत नाहीत त्या 'डिसअव्हाउ' सोयीने गूगलला कळवता येतात, म्हणजे या लिंक आमच्या मानू नका असे सांगता येते. कारवाई झालेली नसताना किंवा होण्याची चिन्हे नसताना या सोयीच्या वाटेला जाऊ नका, कारण त्या भरात चांगल्या लिंकही नाकारल्या जातात. मग फेरविचाराचा अर्ज करा. काय झाले होते, काय काढले, काय उरले हे त्यात सरळ लिहा. उत्तराला काही दिवस ते काही आठवडे लागतात, लिंकच्या प्रकरणात त्याहून जास्त. उत्तर येईपर्यंत पुन्हा अर्ज करू नका.