नऊ दाबा, बाहेर पडा

फोनचोरीचा विषय निघाला की लोक शिट्टीच्या गोष्टीवर येतात. अमेरिकेत कॅप'न क्रंच नावाच्या न्याहारीच्या खोक्यात मुलांसाठी प्लास्टिकची शिट्टी मिळायची. तिचा सूर २६०० हर्ट्झचा निघे आणि तो कानी पडला की बेल कंपनीची लांब पल्ल्याची लाइन समजे, बोलणं संपलं, मी मोकळी झाले. पुढचे हवे ते आकडे मग सुरांतच वाजवायचे, फुकट. १९७१ च्या ऑक्टोबरात एस्क्वायर मासिकात रॉन रोझेनबॉमने या 'फ्रीकर' मंडळींवर लेख लिहिला. तो वाचून वॉझ्नियाक आणि जॉब्ज या, पुढे ॲपल काढणाऱ्या, दोन पोरांनी तसे सूर काढणाऱ्या निळ्या पेट्या बनवून विकल्या. गोष्ट खरी आहे आणि रंगतेही. पण माझा जन्म फोर्ट आणि नरिमन पॉइंटच्या ऑफिसांत ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसची स्वतःची फोन एक्स्चेंजं, बसवण्यात गेला, त्यामुळे मला तिचा उत्तरार्ध जास्त जवळचा. तो सहसा कोणी सांगत नाही, कारण त्यात शिट्टी नाही.

१९७६ पासून बेलने लाइनीचे इशारे बोलण्याच्या तारेतून काढून वेगळ्या मार्गाने पाठवायला सुरुवात केली. जसजशी ही पद्धत पसरली तसतशी शिट्टी मुकी होत गेली. फ्रीकर मात्र घरी बसले नाहीत. त्यांनी मोर्चा वळवला तो कंपन्यांच्या स्वतःच्या एक्स्चेंजकडे.

ऑफिसात दोनशे टेबलं असली तरी दोनशे लाइनी कोणी घेत नाही. सगळे एकाच वेळी बाहेर बोलत नाहीत, वीसेक लाइनींत भागतं. आतल्या आत एक्स्टेंशन ते एक्स्टेंशन फुकट. बाहेर जायचं तर आपल्याकडे शून्य दाबतात, अमेरिकेत नऊ. मशीन फक्त एवढंच बघतं, की या एक्स्टेंशनला परवानगी काय आहे. शिपायाच्या टेबलावर फक्त लोकल, हिशेबनीसाला एसटीडी, मोठ्या साहेबांना आयएसडी. बोलणारा कोण, हे मशीनला कळत नाही आणि ते विचारतही नाही.

त्याआधीच्या कॉर्ड बोर्डवरची ऑपरेटर बाई मात्र विचारायची. कानाला हेडफोन, समोर दोऱ्या आणि भोकं. कोणाचा आवाज कोणता हे तिला पाठ, आणि साहेब रजेवर असताना त्यांच्या केबिनमधून दिल्ली मागितली तर "कोण बोलतंय?" हे ठरलेलं. तिचं हे काम कुठल्याच करारात लिहिलेलं नव्हतं. ऑटोमॅटिक बोर्ड आला तेव्हा लोकांनी फक्त तिचा पगार मोजला. मग आमच्याकडे फोनच्या डायलला चिमुकली कुलपं लागली, त्यावरून काय ते समजा.

अमेरिकन कंपन्यांनी ऐंशीच्या दशकात आणखी एक सोय करून घेतली. तिचं नाव डीआयएसए, आम्ही नुसतं 'डिसा' म्हणायचो. फिरतीवरचा सेल्समन हॉटेलातून कंपनीच्या ८०० क्रमांकाच्या, म्हणजे करणाऱ्याला फुकट असलेल्या नंबरावर फोन करी. पलीकडे पुन्हा डायल टोन येई. त्यावर गुप्त आकडा दाबला की तो जणू ऑफिसात बसलाय, नऊ दाबून जगात कुठेही कंपनीच्या स्वस्त दराने बोलायला मोकळा. गुप्त आकडा पुष्कळदा चार अंकी. चार अंकांचे पर्याय दहा हजार, आणि घरचा कॉम्प्युटर मोडेम लावून रात्रभर न थकता आकडे फिरवतो. यातली खरी मेख अशी, की ८०० नंबरचं बिल ज्याचा नंबर त्याला येतं. म्हणजे चोर कुलूप उघडून पाहत होता तेव्हाचा खर्चही घरमालकाच्याच खात्यावर.

सापडलेले आकडे विकले जाऊ लागले. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरच्या फोनजवळ माणसं उभी राहत आणि परदेशातून आलेल्या मजुरांना थोड्या पैशांत गावी फोन जोडून देत. मित्सुबिशीच्या अमेरिकन कंपनीला १९९० मध्ये असं सुमारे ४,३०,००० डॉलरचं बिल आलं. एक्स्चेंज एटी अँड टी या कंपनीचं होतं. तिने चोरीच्या धोक्याची कल्पना दिली नाही म्हणून मित्सुबिशी कोर्टात गेली. त्याच सुमारास, १९९१ मध्ये, चार्टवेज नावाच्या कंपनीच्या प्रकरणात तिथल्या दूरसंचार आयोगाने निकाल दिला तो असा: फोन तुमच्या एक्स्चेंजमधून गेला ना, मग पैसे तुम्ही भरा. कायद्याने बरोबर असेल. मला तो नेहमी विक्रेत्यांना फार सोयीचा वाटला.

काही फ्रीकरांना कॉम्प्युटरही लागत नसे. "फोन कंपनीतून बोलतोय, लाइन तपासतोय, जरा नऊ, शून्य आणि हॅश दाबून फोन ठेवा," एवढं रिसेप्शनिस्टला सांगितलं की काही बोर्डांवर बाहेरची लाइन थेट त्यांच्या हाती येई. शिवाय दुरूनच दुरुस्ती करता यावी म्हणून बोर्डाला मोडेम जोडलेला असतो आणि त्याचा पासवर्ड बहुधा कारखान्यातून आला तसाच. तो बदला म्हटलं की गिऱ्हाईक म्हणतं, नको हो, विसरायला होतं.

ऑगस्ट २००८ मध्ये तर अमेरिकेच्या आपत्ती निवारण संस्थेच्याच, फेमाच्या, मेरीलँडमधल्या एमिट्सबर्गच्या व्हॉइसमेलमधून शनिवार-रविवारात चारशेवर फोन गेले. सुमारे १२,००० डॉलरचे. अफगाणिस्तान, सौदी, येमेन आणि भारत. हे खातं ज्या विभागाखाली येतं त्यानेच अशा चोरीबद्दल काही वर्षांपूर्वी लोकांना सावध केलं होतं. नवी यंत्रणा बसवताना कॉन्ट्रॅक्टरने भोक ठेवलं, असं सांगण्यात आलं. आम्ही कॉन्ट्रॅक्टर मंडळी त्याच कामाला असतो.

पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत अशाच चोरीबद्दल आरोपपत्र दाखल झालं. फिलिपिन्समध्ये बसून अडीच हजारांवर एक्स्चेंजमध्ये शिरकाव, १ कोटी २० लाखांहून जास्त मिनिटं, किंमत साडेपाच कोटी डॉलरच्या वर. उघडलेली एक्स्चेंजं इटलीतले कॉल सेंटरवाले विकत घेत. आरोपपत्रात भाव दिला आहे: एका एक्स्चेंजचे १०० डॉलर.